हीटर काढला त्या सकाळचे मन्मथअप्पा

मन्मथअप्पांकडं सोयरिकीची चौकशी करू नये, असं आमच्या गावात सगळे म्हणत. मी तिथल्या शाळेत बदलून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन-तीन बायकांनी मला एकच गोष्ट ऐकवली. जिंतूरची एक मुलगी पाहायला गावातली माणसं गेली होती. गाडी अप्पांची, म्हणून अप्पाही गेले. परत आल्यावर नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी कशी हाय, आप्पा?"

"उजव्या अंगानं चांगली हाय."

"अन् डाव्या?"

"मी उजवीकडं बसलो होतो."

ती सोयरीक मोडली. मुलीच्या बापानं वर्षभर अप्पांच्या नावानं खडे फोडले. पुढं तिला परभणीचं स्थळ आलं आणि तिचं चांगलंच झालं, डाव्या अंगासकट.

गाव येलदरीच्या वाटेवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. अप्पांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली. खोली दाखवताना ते म्हणाले, "बाई, पत्रा गळतो. पान्याची अडचन हाय, उन्हाळ्यात लय हाय. बाकी मी काई पाहिलं न्हाई." इतर ठिकाणी घरमालक "लय भारी खोली हाय" म्हणायचे आणि भिंतीला हात लावला की माती हातात यायची. मी अप्पांकडंच राहिले.

साठीच्या आसपासचे, बुटके, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुमालात बांधलेलं लिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. दुकान सरकी-पेंडीचं. एखादं नवखं गिऱ्हाईक विचारायचं, "सरकी चांगली हाय का?" अप्पा मान वर न करता सांगायचे, "बैलाला इचारा. खानार त्यो हाय." अशानं दुकान चालतं का? पण कितीतरी वर्षं चाललं. अप्पांच्या काट्याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका आली नाही, आणि माप घेताना बडबड करणारा दुकानदार लोकांना तसाही आवडत नाही.

सगळं आयुष्य त्यांनी एका वाक्यावर काढलं होतं, "पाहिलं तेवढंच." जिंतूरला पाऊस झाला का, विचारलं तर म्हणायचे, "बसस्टँडावर झाला." म्हणजे ते बसस्टँडापर्यंतच गेले होते. मला कधीकधी या बाण्याचा राग यायचा. माणसानं थोडं अंदाजानंही बोलावं की! जग अंदाजावर चालतं. पण अप्पांचं जग चालायचं नाही.

त्यांचा जीव होता तो पिकअपवर. निळी, डिझेलवर चालणारी, नांदेडच्या कुणा ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. तिच्या इंजिनात हवा ज्या नळीतून आत जाते त्या नळीच्या तोंडाशी एक हीटर होता. लोखंडी चौकट आणि तिच्यात तारेची वेटोळी. थंडीत किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, तार लाल व्हायची, हवा तापायची आणि मग इंजिन धरायचं. परभणी जिल्ह्याच्या उन्हात हीटरची गाडी म्हणून गावानं अप्पांची लय चेष्टा केली. "आप्पा, उद्या हिरीत बंब बसवा," म्हणायचे. पण पौषात सगळ्यांचे ट्रॅक्टर खोकत बसायचे तेव्हा अप्पांची गाडी पहिल्या झटक्यात चालू व्हायची. तेव्हा चेष्टा करणारेच गाडी मागायला यायचे.

गाडी दुरुस्त करताना अप्पा खांद्यावरचं उपरणं जमिनीवर पसरायचे. जो नट आधी निघेल तो डावीकडं, त्याच्या शेजारी पुढचा, अशी रांग. त्या रांगेवर कुणाची सावली पडली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ते उपरणं दर आठवड्याला स्वतः धुवायचे आणि डाग कधीच जायचे नाहीत.

अप्पांना मूलबाळ नव्हतं. बायको लवकर गेली. मग धाकटा भाऊ गेला, तेव्हा त्याची बायको गोदावरी आणि तिचं तान्हं पोर शिवा यांना अप्पांनीच सांभाळलं. अंगण एकच, चुली दोन. शिवाला गाडी चालवायला अप्पांनी शिकवलं. दुकान पुढं त्याचंच होणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी येण्याच्या आदल्या वर्षी नामांतराची दंगल झाली. आमच्या गावातला बौद्धवाडा जाळला. सगळ्यात पहिलं पेटलं ते रुक्मिणबाईचं घर. ती विधवा, रोजानं कामाला जाणारी. धान्य गेलं, भांडी गेली, दावणीला बांधलेली शेळी गेली. आग दिवसाउजेडी लागली होती, तरी पोलीस आले तेव्हा सगळं गाव झोपलेलं निघालं. कुणी काही पाहिलंच नव्हतं. जागे होते ते फक्त मन्मथअप्पा. माळवदावर वाळत घातलेली सरकी गोळा करायला ते वर गेले होते आणि तिथून बौद्धवाडा सरळ दिसायचा. त्यांनी चार नावं सांगितली. चौथं नाव शिवाचं.

फौजदार स्वतः म्हणाला म्हणे, "अप्पा, चौथं नाव पुन्हा एकदा आठवून पाहा."

"आठवायचं काय? पाहिलं तेवढंच."

तिथून गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरकीचं गिऱ्हाईक जिंतूरला जायला लागलं. गोदावरीनं अंगणात मधोमध तुराट्यांचं कुंपण घातलं. शिवा जामिनावर सुटून आला आणि कुंपणाच्या पलीकडं राहायला लागला. अप्पा स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. कुंपणापलीकडं शिवा खोकला की त्यांचा हातातला घास थांबायचा, हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

खटला लांबत लांबत हिवाळ्यात आला. समन्स रुक्मिणबाईला आलं, अप्पांना आलं. ती एक दिवस दुकानात आली. मी ओसरीवर वह्या तपासत होते.

"आप्पा, गवाहीला येनार ना?"

"पाहिलं तेवढं सांगनार."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी माळवदावरून पाहिलं, आप्पा. खाली उतरले न्हाईत. माझी शेळी वरडायली हुती. ते बी आयकलं असंल तुमी."

अप्पा पेंड तोलत होते. त्यांनी काट्यावरची पेंड काढली, पुन्हा टाकली, पुन्हा तोलली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून "पाहिलं तेवढंच" मी ऐकलं नाही. इतके दिवस ज्या वाक्याचा त्यांना अभिमान होता तेच त्यांना सलायला लागलं असावं.

तारखेच्या दिवशी सकाळची यष्टी आली नाही. का आली नाही ते कुणाला माहीत नव्हतं. रुक्मिणबाई कापडाचं गाठोडं घेऊन रस्त्यावर उभी होती. कोर्ट परभणीला, अकराच्या आत पोचायला हवं. तिच्या साक्षीला दुजोरा देणारा गावातला एकच माणूस होता. तो गेला नाही तर तिचं एकटीचं बोलणं कोर्टात टिकणार नाही, असं सरकारी वकिलानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आरोपी आदल्या दिवशीच परभणीला गेले होते.

अप्पा पूजा आटोपून बाहेर आले. "माझी गाडी हाय," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "बाई, तुमी बी चला. त्या एकल्या हायेत." मला रजा काढावी लागली, पण नाही म्हणवेना.

किल्ली अर्धी फिरवून अप्पा थांबले. समोरच्या बॅटरीच्या काट्याकडं पाहिलं. हीटर चालू झाला की तो काटा खाली झुकायचा. काटा जागचा हलला नाही. अप्पांनी किल्ली काढून खिशात घातली, झाकण उघडलं आणि उपरणं जमिनीवर पसरलं.

थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पारावर माणसं जमली. कुणी काही बोलत नव्हतं, नुसती बसली होती. मला त्यांचा संताप आला. तमाशा पाहायला येतात तशी आली होती, फक्त शिट्टी वाजवायची तेवढी बाकी ठेवली होती.

अप्पांनी बॅटरीची तार सोडवली. हवेची रबरी नळी काढली. आत वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. हीटरची तार तुटलेली होती. एक टोक मोकळं लोंबत होतं.

मी हळूच म्हणाले, "शिवानं तोडली असेल. काल जाण्याआधी."

अप्पा ताठ उभे राहिले. "बाई, टोक बघा. वितळून गोळी झालीय त्याची. पकडीनं तोडलेली तार अशी दिसत न्हाई. ही जळून तुटलीय." मग पारावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरानं हात लावला न्हाई गाडीला." ज्या पोराविरुद्ध साक्ष द्यायला निघाले होते, त्याची बाजू घ्यायला त्यांना क्षणही लागला नाही.

आता हीटर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते लोंबतं टोक ओढलं जाऊन इंजिनात गेलं असतं तर वाटेतच सगळं संपलं असतं. चौकट चार बोल्टांवर बसवलेली. तीन सुटले, उपरण्यावर ओळीनं गेले. चौथा गंजलेला. अप्पांनी त्याच्यावर रॉकेल सोडलं आणि थांबले. पाना लावला, जोर दिला, बोल्ट हलेना. जास्त जोर दिला तर मान तुटणार आणि मग गाडी दिवसभर तिथंच. पुन्हा रॉकेल, पुन्हा थांबणं. हातोडीनं हलके ठोके. रुक्मिणबाई ओट्यावर बसून नुसती त्यांच्या हाताकडं बघत होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गोदावरी आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. दिराशी ती कितीतरी महिन्यांनी बोलत होती.

"भावजी, म्या तुमाला खोटं बोला म्हनत न्हाई. तुमचं इमान ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. नुसती गाडी बंद असू द्या. आजच्या दिस. देवानंच बंद केली हाय ती. तुमच्या भावाचं एकलं लेकरू हाय, भावजी."

काय सोपी वाट होती! खोटं बोलायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, फक्त एक गंजलेला बोल्ट निघाला नाही म्हणायचं. गावही परत बोलायला लागलं असतं.

अप्पांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "गोदा, देवाला म्या या इंजनात पाहिलं न्हाई. तार तुटलेली पाहिली." त्यांनी बोल्टावर पुन्हा रॉकेल सोडलं. "तू आत जा. थंडी लय हाय."

ती गेली नाही. तिथंच जमिनीवर बसली. अप्पांनी पाना उचलला, डोळे मिटले आणि जोर दिला. करकरत बोल्ट फिरला.

चौकट बाहेर आली. अप्पांनी ती उन्हाकडं धरली आणि त्यांचा चेहरा पडला. तारेचा एक तुकडा नव्हता. गळून कुठं गेला? आत नळीत पडला असेल तर गाडी सुरू करणं म्हणजे स्वतःच्या हातानं इंजिन फोडणं. अप्पांनी सायकलच्या चाकाची एक तार घेतली, तिच्या टोकाला ग्रीस माखलं आणि नळीत घालून चाचपायला लागले. ग्रीसला चिकटून तुकडा वर यायला हवा. वर आलं ते नुसतं काजळ. पुन्हा घातली. पुन्हा काजळ.

ऊन लिंबावर आलं. अप्पा चाचपतच होते. आणि मग माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस तुकडा शोधतोय, की वेळ काढतोय? पारावरच्या लोकांनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी बिड्या पेटवल्या आणि ऐसपैस बसले. गोदावरीनंही मान वर केली. अप्पांचं मलाही कळत नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, त्या घटकेला त्यांचं त्यांनाही कळत नसेल.

रुक्मिणबाई उठली. गाठोडं काखेत मारलं. "आप्पा, तुमचं हुडकनं आज सरायचं न्हाई. म्या जिंतूरपस्तोर चालत जाते. तिथं काईतरी भेटंल." आणि ती चालायला लागलीसुद्धा. मागं वळूनही पाहिलं नाही.

अप्पांनी सायकलची तार नळीतून बाहेर काढली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहिलं, नळीच्या अंधाऱ्या तोंडाकडं पाहिलं. मग पकड घेतली आणि हीटरची उरलेली सगळी वेटोळी कडाकडा तोडून फेकून दिली. रिकामी चौकट जागेवर बसवली, चारही बोल्ट आवळले, बॅटरीची तार जोडली. तुकडा सापडलेला नव्हता. पाहिल्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस न पाहिलेल्या तुकड्यावर आपली गाडी सोडून देत होता.

"रुक्मिणबाई!" त्यांनी हाक मारली. "थांबा. गाडी निघंल. पन हीटर न्हाई आता. हवेच्या तोंडाशी जाळ धराया पायजे कुनीतरी."

आमच्याकडं थंडीत इंजिन धरत नसलं की असंच करतात. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, रॉकेलमध्ये बुडवायच्या, पेटवून हवेच्या नळीच्या तोंडाशी धरायच्या. अप्पांनी काठी तयार केली आणि पेटवली. धुराचा वास आला तसा पारावरच्या माणसांनी नजरा फिरवल्या. एकही पुढं झाला नाही. काठी माझ्या हातात आली, आणि खरं सांगते, मी ती अंगापासून लांब धरली.

रुक्मिणबाई परत आली होती. तिनं त्या जाळाकडं पाहिलं. मग तिनं माझ्या हातातून काठी घेतली.

"द्या हिकडं, बाई. मला जाळ ठावं हाय."

"तोंडात घालू नका," अप्पा गाडीत बसून म्हणाले. "तोंडाशी धरा. ओढून घेतंय."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, बंद पडलं. जाळ नळीकडं ओढला गेला तरी रुक्मिणबाईनं हात मागं घेतला नाही. पुन्हा किल्ली. पांढरा धूर. तिसऱ्यांदा इंजिननं धरलं आणि सगळी गाडी थरथरली. तिनं काठी मातीत खुपसून विझवली, वर पायानं माती लोटली आणि पुढं अप्पांशेजारी जाऊन बसली. नळी पुन्हा बसवून अप्पा गाडीत चढले तेव्हा गोदावरी रस्त्यात उभी होती. अप्पा थांबले. त्यांनी भोंगा वाजवला नाही. नुसते थांबले. काही वेळानं ती स्वतःच बाजूला झाली.

मी मागं उघड्यावर बसले होते. प्रत्येक खड्ड्याला अप्पांची मान तिरकी व्हायची. ते इंजिनचा आवाज ऐकत होते. तो तुकडा आत असलाच तर कुठल्याही क्षणी टकटक सुरू होणार होती. जिंतूर गेलं. पुढचा सगळा रस्ता मी लोखंडी कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं सुजली. टकटक झाली नाही. तुकडा कुठं गेला ते कधीच कळलं नाही.

कोर्टात पुकारा झाला तेव्हा अप्पांचे हात काळेच होते. पिंजऱ्यात उभे राहताना त्यांनी ते उपरण्याला पुसले आणि उपरणं आणखी काळं झालं. चारही आरोपी समोर. शिवा खाली बघत होता. अप्पांनी नावं सांगितली, एकामागून एक, चौथंही.

आरोपींचा वकील उठला. "हा शिवा तुमचा कोण?"

"पुतन्या."

"त्याच्याशी तुमचं भांडण, वैर?"

"न्हाई. भावाच्या माघारी म्याच वाढवला."

"सगळीकडं धूर होता म्हणता. तुम्ही लांब माळवदावर. तोंड दिसलं का त्याचं?"

"तोंड न्हाई दिसलं."

कोर्टात कुजबुज झाली. वकील हसला. "मग कशावरून म्हणता, शिवाच होता?"

अप्पांनी पहिल्यांदा शिवाकडं पाहिलं. "साहेब, हे पोर चालाया शिकलं ते माझं बोट धरून. त्याची चाल म्या धुरात बी वळखतो."

शिवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याच्याकडं बघवेना. अप्पांकडंही.

वकिलानं शेवटचा प्रश्न विचारला, टोमण्यासारखा. "एवढं सगळं स्पष्ट पाहिलंत, अप्पा. मग तुम्ही काय केलंत?"

"काईच न्हाई," अप्पा म्हणाले. "उतरलो न्हाई. वरडलो न्हाई. बाईची शेळी वरडायली हुती, ती आयकत हुबा ऱ्हायलो." मग ते लिहून घेणाऱ्या कारकुनाकडं वळले. "हे बी लिवा, साहेब. हे सोडू नका."

रुक्मिणबाई माझ्या शेजारच्या बाकावर होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

बाहेर आलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. निकाल पुढं कसा लागला ते मला पत्रानं कळलं. उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि अप्पांना त्या दिवसानंतर नीटसं मी पाहिलंच नाही. कारण नंतर ते दिसत ते कुंपणाकडं पाठ करून, दुकानात, एकटे. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्या दुपारचे अप्पा.

ते गाडीत बसले. रुक्मिणबाई शेजारी. मी मागच्या काचेतून बघत होते. सकाळपासून गंजलेल्या बोल्टावर, काळ्या नळीत, जाळाशेजारी जे हात एकदाही चळले नव्हते ते आता थरथरत होते. किल्ली भोकात जाईना. एकदा हुकली, दोनदा हुकली, मग खाली पडली. अप्पांनी ती उचलली आणि नुसती हातात धरून बसून राहिले.

रुक्मिणबाईनं त्यांच्या हातातून किल्ली घेतली, वाकून भोकात बसवली आणि हात मागं घेतला.

"फिरवा, आप्पा," ती म्हणाली.